खाऱ्या वाऱ्यातलं घर

प्रश्न : दिवेआगरच्या घरात दर पावसाळ्यानंतर भिंतींना पोपडे येतात, कपाटांच्या बिजागऱ्या गंजतात. नूतनीकरणात काय बदलावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कृपा करून पुन्हा पुट्टी मारू नका! पोपड्यामागची पांढरी भुकटी म्हणजे क्षार. तो ओलावा ओढतो आणि प्लास्टिक पेंट हा ओलावा आत कोंडतो. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा खरवडा, विटा कोरड्या ब्रशनेच झाडा. पाणी मारलंत तर क्षार परत मुरतो. भिंत पूर्ण सुकली की चुन्याचा गिलावा, वर चुन्याचाच रंग. बिजागऱ्या, अगदी स्क्रूसुद्धा, 316 ग्रेड स्टेनलेस स्टीलचे घ्या. पुण्यात चालून जाणारं 304 ग्रेड तिथल्या खाऱ्या हवेत डागाळतं. कपाटांना मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवूड), कापलेल्या कडा सील करून. कपाट आणि भिंत यांत दोन इंच जागा सोडा. काम दिवाळीनंतरच काढा.