आकडा दोन अब्जांचा, हाती किती?

वाचकांचे प्रश्न : लॉटरी

प्रश्न : २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका माणसाला पॉवरबॉल या अमेरिकी लॉटरीचं २.०४ अब्ज डॉलरचं बक्षीस लागलं. एवढे पैसे खरंच हातात पडतात का? आणि असे विक्रम गेल्या काही वर्षांतच का होतात?
— सु. पा., नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही पडत. जाहीर होतो तो आकडा म्हणजे ३० हप्त्यांची बेरीज. पहिला हप्ता लगेच, बाकीचे पुढच्या २९ वर्षांत, आणि प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा ५ टक्क्यांनी मोठा. एकरकमी हवं असेल तर निधीत प्रत्यक्ष जमलेली रोखच मिळते. त्या सोडतीत ती ९९.७६ कोटी डॉलर होती आणि विजेत्याने तीच घेतली. त्यातून २४ टक्के केंद्रीय कर आधीच कापतात. शेवटी दर ३७ टक्क्यांपर्यंत जातो. कॅलिफोर्निया आपल्या लॉटरीच्या बक्षिसावर राज्याचा कर लावत नाही. तरीही उरतात साधारण ६३ कोटी.

आता याआधीचा पॉवरबॉलचा विक्रम बघा. जानेवारी २०१६ मध्ये १.५८६ अब्ज डॉलर तिघांत विभागले गेले. त्या बक्षिसाची रोख किंमत होती ९८.३५ कोटी. जाहीर आकडा २९ टक्क्यांनी वाढला, रोख मात्र जेमतेम दीड टक्क्याने! कारण व्याजदर. हप्ते देण्यासाठी ही रोख सरकारी रोख्यांत गुंतवतात. २०२२ मध्ये दर चढे होते, म्हणून तेवढ्याच पैशांतून २९ वर्षांत जास्त रक्कम उभी राहत होती. विक्रमाची बातमी वाचताना आधी रोख किंमत शोधावी, ती याचसाठी.

दुसरं कारण नियमातलं. पॉवरबॉलमध्ये पाच पांढऱ्या आणि एका लाल चेंडूचा आकडा ओळखायचा असतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये पॉवरबॉलने पांढरे चेंडू ५९ वरून ६९ केले आणि लाल ३५ वरून २६ वर आणले. पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता १७.५२ कोटींत एक होती, ती २९.२२ कोटींत एक झाली. विजेता लवकर निघत नाही, रक्कम पुढच्या सोडतीत जाते, आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा पाहून आणखी तिकिटं खपतात. ६९ मधून ५ पांढरे चेंडू १,१२,३८,५१३ प्रकारे निघू शकतात. २०११च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती. म्हणजे डहाणूपासून बेलापूरपर्यंतच्या सगळ्या माणसांतून नेमकं एक नाव ओळखायचं, आणि वर २६ लाल चेंडूंतला एक.

युरोपात बक्षीस एकरकमी देतात, म्हणून तिथला आकडा अमेरिकेच्या रोख रकमेशी ताडून बघावा. इटलीच्या सुपरएनालोट्टो लॉटरीत शक्यता ६२.२६ कोटींत एक. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ३७.१ कोटी युरो लागले, पण तो डाव ९० हिश्श्यांत विकलेला होता. प्रत्येक हिश्श्याला ४१ लाख युरो आले. अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या युरोमिलियन्स लॉटरीने तर २५ कोटी युरोंची मर्यादाच घातली आहे. जून २०२५ मध्ये आयर्लंडमधल्या तिकिटाला बरोबर तेवढीच रक्कम लागली.

प्रश्न : सगळेच आकडे विकत घेतले तर बक्षीस नक्की की!
— क. दे., बेलापूर

उत्तर : लहान लॉटरीत हे झालं आहे. १९९२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन गटाने अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आकड्यांच्या सत्तर लाखांवर जुळण्या घ्यायला सुरुवात केली. वेळ संपला तेव्हा सुमारे ५० लाखच हाती होत्या; नशिबाने त्यांतच २.७ कोटी डॉलरचं तिकीट निघालं. एप्रिल २०२३ मध्ये टेक्सासमध्ये एका गटाने एक डॉलरला एक अशा २.५८ कोटी जुळण्यांपैकी जवळजवळ सगळ्या घेतल्या आणि ९.५ कोटींचं बक्षीस मारलं. त्यावरून एवढा गदारोळ झाला, की २०२५ मध्ये तिथला लॉटरी आयोगच मोडीत निघाला.

पॉवरबॉलमध्ये हे जमत नाही. दोन डॉलरप्रमाणे ५८.४ कोटी लागतील. दोन सोडतींत फार तर तीन दिवस, म्हणजे दर सेकंदाला अकराशेहून जास्त जुळण्या छापून घ्याव्या लागतील. शिवाय आणखी एकाचाही तोच आकडा आला तर अर्धे पैसे त्याचे.

प्रश्न : ठाण्यात बसून वेबसाइटवरून परदेशी तिकीट घ्यावं का?
— मं. शि., कोपरी, ठाणे

उत्तर : घेऊ नका. परकीय चलनाच्या २०००च्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायला सरळ बंदी आहे. कार्ड चाललं म्हणून व्यवहार कायदेशीर ठरत नाही. काही साइट तर तिकीट घेतच नाहीत, नुसती निकालावर पैज लावतात. मग दावा करायला कागदच नसतो.

प्रश्न : ऑफिसातले आम्ही चौघे दर दिवाळीला महाराष्ट्र लॉटरीचं बंपर तिकीट वर्गणी काढून घेतो. समजा ८० लाख लागले, तर काय काळजी घ्यावी?
— वि. ज., वाशी

उत्तर : काळजी सोडतीच्या आधी घ्यायची. साध्या कागदावर तिकिटाची मालिका व क्रमांक, सोडतीची तारीख, चौघांची नावं, वर्गणी आणि सह्या. त्या कागदाचा आणि तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो ग्रुपवर टाका, म्हणजे वेळेची नोंद राहते. तिकिटामागे नाव-पत्ता पेनने लिहा. कोऱ्या तिकिटावर कुणीही हक्क सांगू शकतो. लॅमिनेशन अजिबात नको. तिकीट खराब झालं तर दावा फेटाळला जातो.

घोळ होतो तो कराचा. दावा एकाच्याच नावे केला तर ८० लाखांवर ३० टक्के, म्हणजे २४ लाख, कापून घेतात. माणसाला वाटतं, कर संपला. पण ५० लाखांवरच्या उत्पन्नाला १० टक्के अधिभार लागतो, त्याचे २.४० लाख, वर ४ टक्के उपकराचे १,०५,६००. हे ३,४५,६०० रुपये आगाऊ कराच्या उरलेल्या हप्त्यांत (शेवटचा १५ मार्चला) स्वतः भरायचे, नाहीतर व्याज बसतं. आणि मग त्याने मित्रांना वाटे दिले, की नातेवाईक नसलेल्याकडून आलेली ५० हजारांवरची भेट म्हणून मित्रांवर पुन्हा कर येऊ शकतो.

म्हणून दाव्याबरोबरच चौघांचे वाटे, पॅन आणि आधीचा करारनामा जोडून लेखी अर्ज द्या आणि कापलेला कर चौघांच्या पॅनवर विभागून मागा. प्रत्येकाचे २० लाख, कर ६ लाख आणि उपकर २४ हजार. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर अधिभार नाही. लॉटरीच्या रकमेला करमुक्त मर्यादा किंवा ८०सीची वजावट मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. दाव्याची मुदत तिकिटामागे छापलेली असते. मूळ तिकीट देण्याआधी झेरॉक्स काढा आणि पोच घ्या.

प्रश्न : 'तुम्हाला २५ लाख लागले, प्रक्रिया शुल्क भरा' असा व्हॉट्सअ‍ॅप आलाय.
— र. को., ऐरोली

उत्तर : फसवणूक आहे. सरकारी लॉटरी कर बक्षिसातूनच कापते, आधी भरायला सांगत नाही. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. ओटीपी दिला असेल तर बँकेला सांगून खातं आणि कार्ड लगेच बंद करून घ्या.