रद्द झालेला दौरा, अडकलेले पैसे आणि वड्याचे तेल वांग्यावर

तुमचा प्रश्न वाचला आणि २००५ चा ऑगस्ट महिना जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहिला. तुम्ही लिहिले आहे की आवडत्या रॅपरचा दौरा 'प्रकृतीच्या कारणास्तव' रद्द झाला, ज्या मध्यस्थाकडून बस आणि तिकीट एकत्र घेतले तो आता मूळ छापील तिकिटे परत मागतो आहे, मित्र 'तुझा माणूस संपला' म्हणून चिडवत आहेत आणि संतापाच्या भरात त्याच्या सगळ्या सीडी विकून टाकाव्यात असे तुम्हाला वाटू लागले आहे. त्या रॅपरचे नाव तुम्ही दिलेले नाही. त्यावाचून अडतही नाही. माझ्या बाबतीत तो एमिनेम होता, डेट्रॉइटचा अमेरिकी रॅपर.

मी २००४ मध्ये नोकरीसाठी साताऱ्याहून डब्लिनला आलो. पुढच्याच वर्षी त्याचा 'अँगर मॅनेजमेंट' दौरा युरोपात येणार असल्याचे जाहीर झाले आणि दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम १७ सप्टेंबरला स्लेन कॅसलला ठरला. स्लेन म्हणजे डब्लिनपासून सुमारे ५० किलोमीटरवर, मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या काठी असलेला एक किल्लेवजा वाडा. त्याच्या पुढ्यातले गवताळ मैदान नदीच्या दिशेने असे उतरत जाते की ८० हजार माणसे उभी राहिली तरी मागच्यालाही मंच दिसतो. १९८१ पासून तिथे मोठमोठे कार्यक्रम होत आलेले आहेत. पगारातून वाचवलेल्या पैशांतून मी दोन तिकिटे घेतली, एक माझे आणि एक खोलीमित्राचे, आणि बसही त्याच मध्यस्थाची घेतली, कारण ती दहा युरोंनी स्वस्त पडत होती. ते दहा युरो मला फार महागात पडले.

ऑगस्टच्या मध्यावर युरोपचा संपूर्ण टप्पा रद्द झाल्याची घोषणा झाली. आधी 'थकवा आणि इतर वैद्यकीय कारणे' असे सांगितले गेले आणि दोनतीन दिवसांतच झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर तो उपचार घेत असल्याचे त्याच्या प्रतिनिधीने जाहीर केले. आम्ही, म्हणजे खोलीवरचे चौघेजण, हसलो होतो. एवढा पैसा मिळवणारा माणूस गोळ्यांनी थकतो, हे आम्हाला तेव्हा सोंग वाटले. या हसण्याची मला आजही लाज वाटते, पण त्याविषयी पुढे लिहितो.

आता माझी चूक. मध्यस्थाच्या पत्रात 'मूळ तिकिटे अमुक तारखेच्या आत आमच्या परतावा विभागाकडे पाठवावीत' असे होते. मी दोन्ही तिकिटे एका पांढऱ्या लिफाफ्यात घातली, वर साधे टपाल तिकीट चिकटवले आणि कार्यालयाखालच्या हिरव्या टपालपेटीत लिफाफा टाकून मोकळा झालो. छायाप्रत काढली नाही, नोंदणीकृत टपालाने पाठवले नाही, तिकिटांवरचे क्रमांकसुद्धा कुठे उतरवून ठेवले नाहीत. साताऱ्याच्या पोस्टात साधी राखी पाठवतानाही पावती मागणारा मी, परदेशात सगळे आपोआप नीट चालते अशा भाबड्या समजुतीत होतो.

तीन आठवडे काहीच आले नाही, म्हणून दूरध्वनी केला. क्रमांक मिनिटामागे पैसे कापणारा होता आणि पहिली बारा मिनिटे मला संगीत ऐकवण्यात आले. तिकिटे मिळाली नसल्याचे पहिल्या बाईंनी सांगितले. मिळाली असतील पण नोंद झाली नसेल, असे दुसऱ्या खेपेस एका गृहस्थांनी सांगितले. तिसऱ्या खेपेस जे उत्तर मिळाले ते मी वहीत लिहून ठेवले आहे: तिकिटे आमच्याकडे आलेली नाहीत, त्या अर्थी ती तुमच्याकडेच असणार, तेव्हा ती पाठवून द्यावीत. या तर्कापुढे काय बोलावे ते मला इंग्रजीतही सुचले नाही आणि मराठीतही नाही. मी पत्रे लिहिली, एकदा अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांच्या कार्यालयात गेलो, तेव्हा परताव्याचे काम दुसऱ्या गावच्या शाखेत चालते असे कळले. त्या शाखेत लोकांना भेटण्याची सोय नव्हती. अखेर जानेवारीत बसच्या भाड्यातून 'सेवाशुल्क' वजा करून 'सदिच्छा म्हणून' १४ युरोंचा धनादेश आला. खोलीमित्राचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने अधिकृत विक्रेत्याकडून थेट तिकीट घेतले होते. त्याला संपूर्ण रक्कम महिन्याभरात मिळाली, आणि हे तो मला दर शुक्रवारी ऐकवत असे.

तेव्हा तुम्हाला माझे म्हणणे असे. मी वकील नाही, तुमच्या तिकिटाच्या अटी मी पाहिलेल्या नाहीत आणि माझा अनुभव वीस वर्षांपूर्वीचा आहे, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे. मूळ तिकीट हातातून सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा, पोचपावती मिळेल अशाच टपालाने पाठवा आणि फोनवर कोण काय बोलले ते तारखेसह लिहून ठेवा. पैसे कार्डाने भरले असतील तर मध्यस्थाच्या उत्तराची वाट पाहत न बसता कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याची, मागणी करा. त्याला मुदत असते आणि ती मुदत उलटेपर्यंत गोड बोलत राहणे हा काही मध्यस्थांचा धंदाच आहे, असे माझे मत आहे. मला ही सोय तेव्हा ठाऊक नव्हती. पुढे कधी आयर्लंडात तिकीट घ्यायची वेळ आली तर एक उपयोगी गोष्ट: २०२१ च्या कायद्यानुसार इथे सरकारने त्यासाठी घोषित केलेल्या कार्यक्रमांचे आणि जागांचे तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त दराने पुन्हा विकणे गुन्हा आहे. त्यामुळे 'मित्राच्या मित्राकडे' चढ्या भावात मिळणारे तिकीट घेण्यापूर्वी थांबून विचार करावा.

पैसे गेले ते गेलेच, पण माझे खरे नुकसान त्यानंतर झाले, आणि ते कोणत्याही कार्यालयाने केलेले नाही. मी वड्याचे तेल वांग्यावर काढले. राग मध्यस्थाचा होता, तो काढला मात्र एमिनेमवर. त्याच्या सीडी एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात पडेल त्या किमतीला विकल्या, त्यात मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेली 'द मार्शल मॅथर्स एलपी'ही गेली, आणि पुढची चार-पाच वर्षे त्याचे नाव निघाले की विषय बदलू लागलो. नेमक्या त्याच वर्षांत तो माणूस मरता मरता वाचला आणि उभा राहिला, आणि ते घडत असताना मी पाठ फिरवून बसलो होतो.

११ एप्रिल २००६ ला प्रूफ हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र डेट्रॉइटमध्ये ८ माइल रस्त्यावरच्या एका क्लबात गोळी लागून मेला. मंचावर एमिनेमचा श्वास संपतो तिथे ओळ उचलून धरणारा माणूस तोच होता. त्यानंतर एमिनेमच्या गोळ्या वाढत गेल्या, वजन २३० पौंडांवर गेले आणि डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या अतिसेवनाने तो रुग्णालयात पोचला. आणखी दोन तास उशीर झाला असता तर वाचला नसता, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. २० एप्रिल २००८ पासून तो नशेपासून दूर आहे. मी डॉक्टर नाही, पण एवढे सांगू शकतो की आम्ही ज्याला सोंग समजून हसलो ते सोंग नव्हते. (जाता जाता: या काळात त्याची नियमित विचारपूस करणाऱ्यांत ब्रिटिश गायक एल्टन जॉन होता. २००१ मध्ये ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात हे दोघे एकत्र गायले, तेव्हा अमेरिकेत केवढा गदारोळ झाला होता, कारण एल्टन समलिंगी आणि एमिनेमच्या गाण्यांवर समलिंगीद्वेषाचा आरोप!)

पुनरागमन म्हटले की लोक त्याचा २०१० चा 'रिकव्हरी' हा अल्बम सांगतात. माझे मत वेगळे आहे आणि ते पुष्कळांना पटत नाही. खरे पुनरागमन २००९ च्या 'रिलॅप्स'मध्ये आहे. त्यातले चित्रविचित्र उच्चार, ताणलेले स्वर, खुनशी पात्रे यांची टवाळी झाली आणि पुढच्याच वर्षी 'रिकव्हरी'तल्या 'नॉट अफ्रेड' या गाण्यात त्याने स्वतः त्या अल्बमला बरे म्हटले नाही. तरीही हेडफोन लावून एकदा ऐकून पाहा. गोळ्यांनी बधिर झालेला मेंदू पुन्हा शब्द जुळवायला शिकत असताना हा माणूस अर्थ बाजूला ठेवून नुसत्या ध्वनींशी खेळतो आहे, एकाच स्वराचे सहा-सहा यमक एका ओळीत दाबून बसवतो आहे, जसा दुखण्यातून उठलेला पैलवान आखाड्यात उतरण्याआधी एकटाच जोर काढत बसतो. त्या जोरांवरच 'रिकव्हरी'ची कुस्ती झाली. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात 'रिलॅप्स'च्या ६ लाख ८ हजार आणि 'रिकव्हरी'च्या ७ लाख ४१ हजार प्रती खपल्या, आणि उत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी दोघांनाही मिळाले; म्हणजे ज्याला लोक अपयश म्हणतात तेही असे होते.

मी हे सगळे उशिरा ऐकले. २०१० च्या उन्हाळ्यात कचेरीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलाच्या कानातून 'नॉट अफ्रेड' झिरपत होते. आवाज ओळखला, शब्द ओळखीचे नव्हते, आणि आपल्या माणसाचे गाणे आपल्याला माहीत नाही याचे मला इतके वाईट वाटले की मी एक थांबा आधीच उतरून 'रिकव्हरी' विकत घेतला. त्याच जुलैत ऑक्सेजन या संगीत महोत्सवासाठी तो आयर्लंडला आला होता. मी गेलो नाही. राग उरलेला नव्हता, पण तिकिटाच्या खिडकीशी जायचे म्हटले की तो पांढरा लिफाफा आठवायचा.

स्लेनला तो अखेर आला १७ ऑगस्ट २०१३ ला. या वेळी तिकीट थेट अधिकृत विक्रेत्याकडून घेतले, त्याच्या तीन छायाप्रती काढल्या, एक पत्नीच्या पर्समध्ये ठेवली. "लग्नाच्या दाखल्याचीसुद्धा एवढी काळजी घेतली नव्हती," असे ती म्हणाली. बस गावाबाहेर सोडते आणि पुढे बरेच चालावे लागते. कुंपणांच्या मधल्या अरुंद रस्त्यावरून हजारो माणसे वारीसारखी एकाच दिशेने चालली होती. माझ्यापुढे पन्नाशीचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन उभे होते. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल, म्हणजे २००५ मध्ये जेमतेम सात-आठ वर्षांचा. तो 'रिकव्हरी'ची गाणी पाठ म्हणत होता, बाप जुनी गाणी म्हणत होता, आणि मला दोन्ही येत होती, फक्त मधल्या वर्षांची मी नंतर घोकलेली होती. प्रूफच्या जागी मंचावर त्याचा दुसरा साथीदार, रॅपर मिस्टर पोर्टर, ओळी उचलत होता.

सीडींविषयी विचारले आहे, तर विकू नका. 'द मार्शल मॅथर्स एलपी' मी त्याच दुकानातून, विकली होती त्याच्या चौपट किमतीला, परत घेतली. ती माझीच प्रत नव्हती, तिच्या पुस्तिकेवर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग आहे. स्लेनच्या तिकिटाचा फाटलेला तुकडा मी त्या पुस्तिकेतच ठेवला आहे. पोचपावती आली की कळवा. आणि आठवड्यात आली नाही तर मला निरोप पाठवा, बँकेला लिहायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे.