निर्गुडीचा पाला आणि पेट्री डिश

निर्गुडीच्या पाल्याचा अर्क जंतू मारतो का, हे पेट्री डिशमध्ये (जंतू वाढवायच्या चपट्या थाळीत) तपासायचंय ना, मग पहिलं म्हणजे पाला पावसाळ्यात तोडू नकोस. मी रत्नागिरीत ऐन जुलैत निर्गुडी तोडून पडवीत वाळत घातली. चौथ्या दिवशी पानांवर पांढरी बुरशी. जंतू मारणारं पान म्हणे! दिवाळीनंतर तोड, सावलीत वाळव, चुरल्यावर कुरकुरलं पाहिजे. एक फांदी फुलासकट दाबून ठेव, नाहीतर ‘नक्की कुठली वनस्पती?’ विचारल्यावर तोंड लपवावं लागतं.

अर्क मेथॅनॉलमध्ये काढलास तर ते पूर्ण उडवून टाक आणि उरलेला अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळव. द्रावकही जंतू मारू शकतं आणि श्रेय मात्र पानाला जातं. म्हणून प्रत्येक प्लेटवर अर्काच्या खळग्याशेजारी (खळगा म्हणजे अगारात पाडलेलं भोक) एक खळगा नुसत्या डीएमएसओचा हवाच, दुसरा तुलनेसाठी जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा. म्यूलर-हिंटन अगार (ज्यावर जंतू वाढवतात तो जेलीसारखा थर) 4 मिमी जाड ओत, पातळ झाला तर खळग्याभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ उगाच मोठं दिसतं. 37 अंशांवर रात्रभर ठेवून वर्तुळाचा व्यास मोज. खळगा 6 मिमीचा आणि आकडाही 6 आला, तर परिणाम शून्य; वहीत तसंच लिही, लाजू नकोस. ई. कोलाय या जंतूवर हे बरेचदा होतं, त्याचं बाहेरचं आवरण चिवट. स्टॅफिलोकॉकस त्यामानाने लवकर नमतो.

आणि हो, वर्तुळ दिसलं म्हणून घरात कुणाला अर्क पाजू नकोस. आजी मागेलच.