बहिणीने भरलेला आय-१३० मंजूर झाला, तरी ग्रीन कार्डाला अजून किती वर्षं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन नागरिक असलेल्या बहिणीने मार्च २०१४ मध्ये तुमच्यासाठी आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरला, मार्च २०१९ मध्ये तो मंजूर झाला आणि त्यानंतर सगळं शांत आहे. थोरली १५ वर्षांची, धाकटा ११ चा. मंजुरीनंतरही नंबर का लागत नाही आणि मुलं सोबत येतील का, हे दोन प्रश्न आहेत. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

आय-१३० मंजूर होणं म्हणजे नात्याला मान्यता मिळणं. व्हिसाचा नंबर ही वेगळी गोष्ट. नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालील अविवाहित मुलं आणि आई-वडील यांना वार्षिक मर्यादा नाही. भावंडांची श्रेणी एफ-४, तिला वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा मिळतात, तेही सगळ्या जगासाठी मिळून. शिवाय भावाची बायको आणि मुलं याच आकड्यात मोजली जातात. चौघांचं कुटुंब असेल तर एका अर्जामागे चार व्हिसा खर्ची पडतात. त्यावर कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांची मर्यादा. भारतातून अर्ज भरपूर, म्हणून आपली रांग इतर बहुतेक देशांपेक्षा मागे आहे.

रांगेतली तुमची जागा ठरते प्रायॉरिटी डेटवर, म्हणजे अर्ज पोचला त्या तारखेवर. पावतीच्या आय-७९७ नोटिशीवर ती छापलेली असते. मंजुरीला उशीर झाला म्हणून जागा मागे जात नाही. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात कौटुंबिक अर्जांच्या तक्त्यात एफ-४ ची ओळ आणि भारताचा रकाना पाहा. तक्ते दोन असतात. व्हिसा हातात पडतो तो 'फायनल ॲक्शन डेट्स' वर. तुमची तारीख तिथल्या तारखेच्या आधीची झाली, की तुमची पाळी. २०२३ मध्ये भारताची तारीख २००५ सालात अडकली होती, २०२५ मध्ये ती २००६ सालात होती. तुमची आहे २०१४.

इथे बहुतेक जण सरळ वजाबाकी करतात आणि चुकतात. बुलेटिनची तारीख कॅलेंडरच्या वेगाने चालत नाही. कधी महिनोन्महिने हलत नाही, कधी एकदम पुढे सरकते आणि कोटा संपत आला की मागेही येते. अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असं होण्याचा संभव जास्त. आणि पैसे घेऊन नंबर पुढे आणून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो कोणालाच आणता येत नाही.

आता मुलं. पाळी येईल तेव्हा ती अविवाहित आणि २१ च्या आत हवीत. पण २००२ च्या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याने, म्हणजे सीएसपीएने, अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून राहिला तो वयातून वजा होतो. तुमचा पाच वर्षं पडून होता. त्या विलंबाचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण मुलांच्या कामाला तोच येणार आहे. पाळी आली तेव्हा थोरली २५ वर्षांची असेल तर कायद्याच्या हिशेबात ती २० ची. २७ ची असेल तर २२ ची, म्हणजे बाद. थोडक्यात, तिची २६ वर्षं पूर्ण व्हायच्या आत तुमची तारीख लागायला हवी. म्हणजे अकराएक वर्षांत रांग आठ वर्षं सरकायला हवी. अशक्य नाही, पण तिचं शिक्षण या भरवशावर आखू नका. धाकट्याला चार वर्षं जास्त आहेत. पाळी आल्यापासून वर्षाच्या आत डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म भरणं किंवा शुल्क भरणं अशी हालचालही करावी लागते, नाहीतर हे संरक्षण जातं. मुलांपैकी कुणी आधी लग्न केलं तर वय कितीही असो, सोबत येता येत नाही.

मधल्या काळात अमेरिकेच्या टूरिस्ट व्हिसाला अर्ज केलात, तर कुणी तुमच्यासाठी इमिग्रंट अर्ज भरलाय का, असं फॉर्म विचारतो. 'हो' लिहा. त्यामुळे व्हिसा नाकारला जाऊ शकतो, पण लपवलेलं पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी फार महागात पडतं.

कागद आत्ताच गोळा करा. आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा कोरा असतो. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या. नोंदच नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र. तुमच्या आणि बहिणीच्या दाखल्यांवर आईचं नाव एकसारखं आहे का, हे नीट पाहा. एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं नाव असेल तर आईच्या लग्नाचा पुरावा जोडावा लागेल. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर, त्यावर भाषांतरकाराचं सहीचं निवेदन. पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल मात्र आत्ता करू नका, त्यांची मुदत संपते.

बीएमबीने सुरू होणारा एनव्हीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरचा, केस नंबर आला असेल तर जपून ठेवा आणि तुमचा व बहिणीचा ईमेल किंवा पत्ता बदलला की तिथे कळवा. पाळी आल्याचं कळवल्यावर वर्षभर काहीच उत्तर गेलं नाही तर केस रद्द होऊ शकते, आणि ते पत्र बहुधा दहा वर्षांपूर्वीच्या, कुणी उघडत नसलेल्या ईमेलवर पडलेलं असतं.