तुळजापूरच्या पुढं

प्रश्न : ताई, आम्ही भिशीतल्या बाराजणी दरवर्षी लातूरहून तुळजापूरला जातो, दर्शन घेऊन परत. यंदा नवं काही सुचवा.

उत्तर : अगं, दर्शन घ्या आणि पुढं नळदुर्गला जा. भुईकोट आहे, गुडघेवालीलाही चालेल. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधलाय. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले, की आत उभं राहून समोर पाणी कोसळताना बघायचं! आमच्या जाऊबाई तिथून हलेनात. दशम्या अन् शेंगाचटणी तशीच राहिली, परतीच्या एसटीत खाल्ली. (महिलांना निम्मं तिकीट, म्हणून गाडी ठरवली नव्हती.) तेरला गोरोबाकाकांचं मंदिर आणि संग्रहालय आहे, पण ते पुढच्या खेपेला. एका दिवसात दोन्ही कोंबू नका, नुसती धावपळ होते.