माणसाच्या धार्मिक श्रद्धा कशामुळे बदलतात? भक्कम पुरावे दिले तर कुणीही बदलेल का?

तुम्ही लिहिलंय की याच विषयावर तुमचा भावाशी वर्षभर वाद चालू आहे, मुद्दे सगळे तुमच्या बाजूचे आहेत आणि तरी तो तसूभरही हललेला नाही. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. निव्वळ पुराव्यांनी श्रद्धा बदललेली माणसं असतात, पण थोडी. बहुतेकांना आधी काहीतरी सहन होईनासं होतं, किंवा कुणीतरी माणूस आवडू लागतो, आणि मग मुद्दे पटायला लागतात. तेच मुद्दे पूर्वीही कानांवर पडलेले असतात, पण तेव्हा ते आत शिरत नाहीत.

चार्ल्स डार्विनचंच बघा. उत्क्रांतीच्या अभ्यासानं त्याची श्रद्धा घालवली, असं आपण सहज धरून चालतो. त्या अभ्यासाचा वाटा होताच. पण त्याच्या आत्मचरित्रात या विषयावर सर्वांत जळजळीत लिहिलंय ते नरकाबद्दल. श्रद्धा न ठेवणाऱ्यांना अनंतकाळ शिक्षा होते हे मान्य करायचं, तर त्याचे वडील, भाऊ आणि जवळजवळ सगळे जिवलग मित्र त्या शिक्षेचे धनी ठरत होते. असा धर्म खरा असावा अशी इच्छा तरी कुणाला कशी होईल, असं तो विचारतो. १८५१ साली त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली, त्या दुःखाचाही यात वाटा असावा असं काही चरित्रकार मानतात. आणि हे एका रात्रीत घडलं नाही. अविश्वास इतक्या संथपणे आला की त्याचा त्रासही झाला नाही, असं तो स्वतः सांगतो. १८८७ मध्ये आत्मचरित्र पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा नरकाबद्दलचा तो भाग त्याची पत्नी एमा हिच्या इच्छेवरून गाळला होता. तो वाचकांसमोर यायला १९५८ उजाडलं. एमा शेवटपर्यंत श्रद्धाळू राहिली आणि दोघांचा संसार प्रेमाचा झाला. हे मुद्दाम सांगते, कारण घरात एकाची श्रद्धा बदलली की घर मोडतं अशी धास्ती पुष्कळांना असते.

माझंही थोडं असंच झालं. नात्यातलं एक लहान मूल आजारपणात गेलं. सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी त्याच्या आईला म्हणालं, मागच्या जन्मीचं काही भोगायचं राहिलं असेल. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, दुःखाला कसला तरी अर्थ द्यावा एवढाच हेतू होता. पण त्या बाईचा चेहरा बघितल्यावर त्या सिद्धांतावर विश्वास ठेवायची माझी इच्छाच संपली. त्याचं खंडन करणारं वाचन मी पुढे केलं, आणि ते पटायला मला जराही वेळ लागला नाही. देवाशी बोलण्याची सवय मात्र त्यानंतरही अनेक वर्षं टिकून होती. श्रद्धा अशी तुकड्यातुकड्यानं सुटते. कर्मकांड जातं, परलोक राहतो. परलोक जातो, प्रार्थना राहते. सगळं जातं, तरी सणाच्या दिवशी घरच्यांबरोबर हात जोडले जातात, आणि त्यात खोटेपणा नसतो.

कारणं एकमेकांत किती गुंतलेली असतात हे बघायचं असेल तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. व्रतं, उपास, दानं, नवस सगळं शास्त्रात सांगितल्याप्रमाणे केलेलं होतं. रमाबाईंचा जुन्या देवांवरचा भरवसा तिथून डळमळला. पुढे कलकत्त्यात स्त्रियांसमोर व्याख्यानं द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रं बारकाईनं वाचली, आणि स्त्रिया व शूद्र यांच्याबद्दल त्यांत काय काय म्हटलंय ते त्यांच्या ध्यानात आलं. धर्माचं समर्थन करायला बसलेल्या माणसाचा विश्वास धर्मग्रंथ मुळातून वाचल्यावर उडावा, हे फार वेळा घडतं. मध्ये ब्राह्मो समाजाचा सहवास झाला, लग्न झालं, १८८२ मध्ये पती वारले. एवढं होऊनही त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या.

ते घडलं इंग्लंडमध्ये. समाजानं पतित ठरवलेल्या बायकांसाठी तिथल्या धर्मभगिनी लंडनमधल्या फुलहॅममध्ये जे काम करत, ते त्यांनी पाहिलं. ज्या बायकांना आपल्याकडे कुणी दारातही उभं करत नव्हतं, त्यांना या बायका मायेनं सांभाळतात हे बघून त्या थक्क झाल्या. ही माया येते कुठून असं विचारल्यावर त्यांना बायबलमधली येशू आणि शोमरोनी स्त्रीची, म्हणजे लोकांनी हलकं मानलेल्या एका बाईशी येशू आपणहून बोलला त्याची, गोष्ट ऐकायला मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता यातलं खरं कारण कोणतं? दुष्काळ, शास्त्रवाचन, वैधव्य, की फुलहॅमची घरं? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. आधीच्या सगळ्यानं जागा मोकळी केली, आणि त्या मोकळ्या जागेत चांगुलपणा दिसला. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी मान तुकवली नाही. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून त्या तिथल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी नेटानं वाद घालत राहिल्या. पुढे त्यांनी लिहिलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली.

माणसांचा प्रभाव किती मोठा असतो हे अभ्यासकांनीही दाखवलंय. जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांचा १९६५ चा निबंध प्रसिद्ध आहे. एका लहानशा नव्या पंथात कोण शिरतं याचं त्यांनी जवळून निरीक्षण केलं होतं. पंथातल्या माणसांशी जिव्हाळा जुळलेले आणि बाहेरच्यांशी धागे सैल झालेले लोकच आत टिकत होते. शिकवण ऐकून नुसते प्रभावित झालेले परत जात होते. त्याआधी, २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येऊन जग बुडणार असं मानणाऱ्या एका गटाचा लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. पूर आला नाही. एकत्र बसून वाट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची श्रद्धा उलट घट्ट झाली, आणि आपापल्या घरी एकटे वाट पाहत बसलेल्यांची ढासळली. तुमच्या भावाकडे तुम्ही पुरावा घेऊन जाता, तेव्हा त्याच्याभोवती असलेली सगळी माणसंही त्या खोलीत असतात. तुमचं म्हणणं मानायचं तर त्यांना गमावायची तयारी हवी. कशाच्या बदल्यात?

डॉ. आंबेडकरांचा विषय याच प्रश्नाखाली काढावा का, असं वाटलं, कारण तिथे एकट्याची नाही, लाखोंची श्रद्धा बदलली. पण ते उदाहरण टाळता येत नाही. १९३५ मध्ये येवल्याला घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा, मध्ये एकवीस वर्षं. तेवढ्या काळात त्यांनी शीख धर्माचाही गंभीरपणे विचार केला. आणि बुद्ध त्यांच्या आयुष्यात त्याच्याही फार आधी आले होते: मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. अपमान सोसला की माणूस धर्म सोडतो, एवढं सरळ हे नव्हतं. प्रतिष्ठेची मागणी होती, आणि तिला बुद्धीलाही पटेल असा आधार हवा होता. भावना आणि विचार यांत आधी कोण, हा वाद इथे मला निरर्थक वाटतो.

लग्नासाठी, सोयीसाठी किंवा दडपणाखाली केलेल्या बदलांबद्दल मी फार लिहीत नाही. त्यात कागदावरचा धर्म बदलतो, मन बदलेलच असं नाही. क्वचित पुढे बदलतंही, पण ते सहवासानं.

आणि हो, निव्वळ युक्तिवादानं बदललेलीही माणसं असतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी आयुष्यभर निरीश्वरवादाची बाजू मांडली आणि २००४ मध्ये, वयाच्या ऐंशी पार, कुणीतरी विश्वाचा कर्ता असावा असं आपल्याला वाटू लागल्याचं जाहीर केलं. सजीवांच्या पेशींमधल्या गुंतागुंतीचा मुद्दा त्यांना निर्णायक वाटला. मला तो पटत नाही. पण उतारवयात, जुन्या साथीदारांचा रोष ओढवून घेऊन, विचार बदलला हे मोकळेपणानं सांगणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो.

आता तुमच्या भावाबद्दल. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन तरुणपणी मानी पंथात, म्हणजे मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात, गेला, तेव्हा त्याची आई मोनिका एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याला समजवा, अशी विनवणी केली. तो बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला होता. त्यानं साफ नकार दिला. सध्या त्याला तसाच राहू दे, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल, असं तो म्हणाला. पुढे बऱ्याच वर्षांनी मिलानमध्ये ऑगस्टीनला तिथला बिशप अँब्रोझ भेटला. तो आपल्याला सत्य शिकवणारा म्हणून नव्हे, तर आपल्याशी मायेनं वागणारा माणूस म्हणून आधी आवडला, असं ऑगस्टीननंच लिहून ठेवलंय. तुम्ही वाद थांबवावा असं मला मनापासून वाटतं, भावाकडे जाणं मात्र थांबवू नका. तो काय मानतो ते सोडून, ते मानल्यानं त्याला काय मिळतं हे एकदा विचारा, आणि उत्तर ऐकताना मनात प्रतिवाद रचू नका. तो कदाचित कधीच बदलणार नाही. तरीही तो तुमचा भाऊच असेल, आणि तुमच्या प्रश्नात त्याच्याबद्दलची जी तळमळ दिसते, ती त्याला अजून बहुधा दिसलेली नाही.