लातूरला रात्री लाइट गेली, आता होम सर्व्हरचा ३ डिस्कचा रेड ५ 'इनॅक्टिव्ह' दाखवतोय. डेटा गेला का?

बहुतेक नाही, घाबरू नका; रेड ५ मध्ये डेटा तिन्ही डिस्कवर असा वाटलेला असतो की एक डिस्क गेली तरी तो वाचतो. पण एमडीएडीएमची (लिनक्समध्ये रेड सांभाळणारं टूल) 'क्रिएट' कमांड चुकूनही देऊ नका, ती जुन्या मांडणीची नोंदच बदलून टाकते.

आधी केबल बघा. नांदेडला आमच्या घरी डिस्क जोडणाऱ्या साटा केबलची पिनच सैल निघाली होती. मग एमडीएडीएमच्या 'एक्झामिन'नं प्रत्येक डिस्कचा 'इव्हेंट्स' आकडा (त्या डिस्कवर नोंदलेल्या बदलांची मोजणी) वहीत उतरवून घ्या. ४८२१०, ४८२१०, ४८२०७ असा किरकोळ फरक असेल तर हा डिस्कचा संच म्हणजे अ‍ॅरे 'स्टॉप' करून 'असेंबल' (पुन्हा जोडणी) कमांडला 'फोर्स' जोडा. एखादी डिस्क फारच मागे असेल तर ती बाजूला ठेवून उरलेल्या दोघींवर चालवा.

माउंट करताना (म्हणजे डेटा उघडताना) 'रीड-ओन्ली', फक्त वाचण्यापुरतंच करा आणि घरचे फोटो तेवढ्यात दुसरीकडे कॉपी करून घ्या.